अनुभव धागा: मांजानं कापलं, तर जखमेला गोंद लावावा का?

पतंगांचं उत्तरायण आलं. बडोद्यात गच्च्या भरल्या की कापलेल्या बोटावर फेव्हिक्विक लावा म्हणणारे भेटतातच. जखमा हाताळणाऱ्यांनी नेमकं लिहा.

परिचारिका, दांडिया बाजार
घरगुती इन्स्टंट गोंद नकोच. ओल्या जखमेवर तो भराभर आवळतो, चटका देतो, कातडीला इजा करतो. शिवाय नळी निर्जंतुक नसते. दवाखान्यात त्वचेसाठीचा गोंद, म्हणजे ब्युटाइल किंवा ऑक्टाइल सायनोअ‍ॅक्रिलेट वापरतात. ऑक्टाइल लवचिक, ब्युटाइल कडक, लवकर तडकतं.

घरी फक्त दोन कामं. वाहत्या नळाखाली ५ ते १० मिनिटं धुवा, कारण मांजाची काचपूड आत बसते. मग स्वच्छ कापडानं सलग १० मिनिटं दाबा. मधे उचलून बघितलं की गुठळी सुटते.

ड्रेसर (मलमपट्टी करणारा), रावपुरा
दवाखान्यातला गोंदही रक्त थांबून कडा कोरड्या झाल्याशिवाय धरत नाही. कडा ओठ मिटल्यासारख्या चिमटीत जुळवायच्या आणि गोंद वरूनच फिरवायचा. थेंब आत उतरला तर कडांमध्ये भिंत उभी राहते, जखम भरत नाही. ३ पातळ थर, दोन थरांत ३० सेकंद, कडेबाहेर ५ मिमीपर्यंत. शेवटी मिनिटभर धरून ठेवायचं. एकदम जाड थर दिला की भाजतं. कापसानं तर मुळीच पसरू नका, कापूस आणि हा गोंद भेटले की तापतात.

सर्जन, मांजलपूर
मांजा बहुतेकदा तर्जनीच्या पेरावर कापतो, आणि नेमकं तिथंच गोंद टिकत नाही. बोट दुमडलं की तडकतो. आधी तपासा: बोट पूर्ण वाकतं आणि सरळ होतं का? टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श कळतो का? उत्तर नाही असेल, तर मज्जातंतू किंवा स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कापलेला असू शकतो, वरून चिकटवून उपयोग नाही. गळ्याला कापलं तर दाबून धरा, १०८ लावा. कुत्रा चावलेली जखम गोंदानं बंद करू नये. भुवईजवळ लावताना डोळ्याच्या बाजूला व्हॅसलिनची पाळ करावी. पापण्या चिकटल्याच तर ओढायच्या नाहीत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

फार्मासिस्ट, कारेलीबाग
वाळलेल्या गोंदावर मलम, व्हॅसलिन, तेल-हळद काहीही नको. पापुद्रा विरघळून सुटतो. तो ५ ते १० दिवसांत आपोआप गळतो, खरवडू नका. अंघोळ पटकन उरकून जागा टिपून घ्या. लाली पसरली, पू आला, ठणका वाढला तर लगेच दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर तेही विचारा. आणि वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, त्या हातात दोर नको.