वीस महिन्यांची लेक रात्री दोन-तीनदा उठून रडते, मदत हवी आहे

डोंबिवलीची आई:

नमस्कार. आत्ता पहाटेचे सव्वातीन वाजलेत. लेक नुकतीच झोपली, पण माझी झोप पार उडाली म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लेक २० महिन्यांची आहे. गणपतीपर्यंत रात्री साडेआठला झोपायची ती थेट सकाळी साडेसहाला उठायची. गेले पाच आठवडे झोपायलाच दहा वाजतात, मग एकला उठते, तीनला उठते. उठली की दाराकडे बोट दाखवून "आजी, आजी" करत रडते. उचललं तर अंग ताठ करते, खाली ठेवलं तर आणखी जोरात.

सासूबाई ती तीन महिन्यांची असल्यापासून आमच्याकडे होत्या. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून त्या गौरी-विसर्जनानंतर चिपळूणला गेल्या. त्याच आठवड्यात लेकीला पाळणाघरात घातलं. आणि झोळीही तेव्हाच काढली, कारण ती झोळीत उभी राहायला लागली होती आणि एकदा तोल जाऊन पडता पडता वाचली. आता लिहिताना कळतंय की तिच्यावर एकदम तीन गोष्टी आल्या. पण तेव्हा दुसरा पर्याय नव्हता.

डॉक्टरांना दाखवलं. कान, घसा, वजन सगळं ठीक. वरचे सुळे येतायत म्हणाले. घरी दृष्टही काढून झाली. रात्री दूध वाढवून पाहिलं, आता प्रत्येक वेळी उठल्यावर बाटली मागते. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दहा मिनिटं रडू दिलं, तर तिला उलटी झाली. ते मी पुन्हा करणार नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, सर्दीचं औषध अर्धा चमचा दे, मुलं शांत झोपतात. दिलं नाही, पण परवा तीन वाजता बाटली हातात घेऊन उभी होते हे खरं.

गेल्या मंगळवारी वेगळंच झालं. झोपून तास-दीड तास झाला असेल, किंचाळत उठून बसली. डोळे उघडे, पण आम्हाला ओळखेना. नवरा घाबरून तिला हलवत होता. दहा मिनिटांनी आपली आपण आडवी झाली. हे काय असतं?

दोघांनाही सकाळी सातची लोकल असते. झोळी परत बांधू का? सासूबाईंना परत बोलवणं तर शक्यच नाही.

दोन मुलांचा बाबा:

ताई, सर्दीच्या औषधाची बाटली कपाटात वर ठेवून द्या. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढली आहे. झोपेसाठी तर नकोच.

मंगळवारचं तुमचं वर्णन वाचून आमचा थोरला आठवला. झोपेच्या पहिल्या काही तासांत, गाढ झोपेतून अर्धवट जाग येऊन असं होतं. मूल खरं तर झोपेतच असतं. सकाळी त्याला काही आठवत नाही. हलवून जागं करू नका, नुसतं जवळ बसा, पडणार नाही एवढं बघा. अपुरी झोप झाली की हे जास्त होतं. वारंवार व्हायला लागलं, किंवा हातपाय झटके दिल्यासारखे हलले, तर मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा.

पाळणाघरात दुपारी किती वाजेपर्यंत झोपते?

डोंबिवलीची आई:

दोन ते साडेचार. कधी पाच. सगळी मुलं एकदम झोपवतात.

दोन मुलांचा बाबा:

मग रात्री साडेआठला झोप कशी येणार? ताईंना सांगून साडेतीनला उठवायला लावा. या वयात दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते.

बालवाडीताई, निवृत्त:

बाळा, झोळी परत बांधू नकोस. वजनदार, उभं राहणारं मूल झोळीत सुरक्षित नाही. पण झोळीतलं जे तिला हवंय ते देता येईल. आजीचं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा साडी मागवून घे. दुपट्याएवढा तुकडा कापून चारही बाजूंनी शिवून दे, सुटे दोरे राहू देऊ नकोस. रोज तोच तिच्या हातात. आजी जी अंगाई म्हणायची तीच म्हण, शब्द चुकले तरी चालतील.

आजीशी व्हिडिओ कॉल रात्री करता का? करत असाल तर सकाळी करा. झोपायच्या आधी आजी दिसली आणि गायब झाली की मूल शोधत बसतं. आणि "आजी येईल हं उद्या" असं खोटं सांगू नका. "आजी गावाला आहे, आजोबांच्या पायाला बाऊ झालाय" एवढं तिला कळतं.

रात्री रडली की तिला एकटी सोडायची गरज नाही. खाटेशेजारी बस, थोपट, दिवा लावू नकोस, बोलणं कमी. चार दिवसांनी थोपटणं हलकं कर, मग नुसता हात ठेव.

दूध हळूहळू कमी कर. रात्रभर बाटली तोंडात राहिली तर पुढचे दात किडतात, आणि दुधावर पोट भरलं की पोळी-भाजी जात नाही, मग लोह कमी पडतं. लोह कमी असलेली मुलंही रात्री तळमळतात. अंगणवाडीत ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध देतात, ते तिला मिळतंय का? नसेल तर डॉक्टरांना विचार. घोरते किंवा तोंडाने श्वास घेते का, तेही बघ.

डोंबिवलीची आई:

कॉल रोज रात्री साडेआठलाच करत होतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. घोरत नाही. लोहाचं औषध मध्येच बंद पडलंय, विचारते.

डोंबिवलीची आई (बारा दिवसांनी):

सासूबाईंनी येणाऱ्या गाववाल्यांबरोबर साडी पाठवली. न धुता पाठवली, मुद्दाम. लेकीने तुकडा नाकाशी धरला आणि काहीच बोलली नाही. मलाच रडू आलं.

पाळणाघरातल्या ताई पावणेचारला उठवतात. झोपायची वेळ नऊवर आली आहे. एकची जाग बहुतेक रात्री थांबली, तीनची अजून आहे, पण दूध न घेता वीसेक मिनिटांत झोपते. किंचाळणं पुन्हा झालं नाही. काल मात्र सुळ्यांमुळे दोन तास जागी होती.

आता आणखी एक विचारते. दिवाळीत चिपळूणला चार दिवस जायचंय. सासूबाईंचाही जीव तिच्यासाठी तुटतोय, त्यामुळे न जाणं शक्य नाही. परत येताना ती पुन्हा आजीला सोडून येणार. अशा वेळी तुम्ही निरोप कसा घेतलात? झोपेत असताना निघालात, की समोर टाटा करून?