तेरापैकी तेरा जिंकूनही बाहेर: कॉलेज फुटबॉलची क्रमवारी मैदानावर ठरते की स्टुडिओत?

टॅलाहासीकर

३ डिसेंबर २०२३ चा निर्णय मला आजही मान्य नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने तेराच्या तेरा सामने जिंकले, एसीसी या कॉन्फरन्सचं (विद्यापीठांच्या गटाचं) विजेतेपद घेतलं, आणि तरीही राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये त्यांना जागा मिळाली नाही. एक सामना हरलेला, एसईसी कॉन्फरन्सचा अलाबामा आत गेला. पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एखाद्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: वरच्या श्रेणीत सव्वाशेहून जास्त कॉलेज संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम बारा-तेरा सामने. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. त्यामुळे गुणतक्त्यापेक्षा माणसांच्या मताला वजन जास्त. एपी वृत्तसंस्थेसाठी पत्रकार १९३६ पासून मतदान करतात. प्लेऑफचे संघ मात्र २०१४ पासून तेरा जणांची निवड समिती ठरवते. या समितीची क्रमवारी मोसमाच्या उत्तरार्धात दर मंगळवारी ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर जाहीर होते. एसईसी नेटवर्क हे चॅनलही ईएसपीएनचंच, प्लेऑफच्या प्रक्षेपणाचे हक्कही त्यांचेच.

आता शेवटचा आठवडा बघा. मंगळवारी फ्लोरिडा स्टेट चौथे, अलाबामा आठवे. शनिवारी फ्लोरिडा स्टेटने लुईव्हिलला १६-६ असं हरवलं, तेही तिसऱ्या पसंतीच्या, पहिल्या वर्षातल्या क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) घेऊन. रविवारी ते पाचवे! मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय १८ नोव्हेंबरला मोडला होता, हे कारण दिलं गेलं. त्या मुलाने नंतर जाहीरपणे लिहिलं की पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकवर उभा नाही हे लोकांना दिसलं असतं. तेवीस वर्षांच्या खेळाडूवर असं लिहायची वेळ यावी, याचा मला अजून संताप येतो.

हंट्सव्हिलकर

तळमळ समजते, पण चॅनलवर ठपका ठेवणं पटत नाही. महत्त्वाचा खेळाडू नसण्याचा पुढच्या सामन्यांवर काय परिणाम होईल हे बघण्याची मुभा समितीच्या नियमावलीतच आहे, ती आयत्या वेळी कोणी घुसवली नाही.

अलाबामाने त्याच शनिवारी जॉर्जियाला २७-२४ असं हरवलं. जॉर्जिया सलग २९ सामने जिंकून आलेला, पहिल्या क्रमांकावरचा संघ होता. अलाबामाचा एकमेव पराभव टेक्सासकडून, आणि टेक्सासलाही समितीने वरच, तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं. यात विसंगती कुठे आहे?

ईएसपीएनचा स्वार्थ म्हणाल, तर एसीसी नेटवर्कही २०१९ पासून त्यांचंच आहे. आणि त्या वर्षी समितीचे अध्यक्ष होते बू कॉरिगन, नॉर्थ कॅरोलिना स्टेटचे क्रीडासंचालक. म्हणजे एसीसीचाच माणूस! ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या मोसमाअखेरच्या सामन्यात पुढे काय झालं तेही लिहा: जॉर्जिया ६३, फ्लोरिडा स्टेट ३.

टॅलाहासीकर

@हंट्सव्हिलकर, तो ६३-३ चा दाखला दरवेळी दिला जातो म्हणून सांगतो. प्लेऑफची दारं बंद झाल्यावर वीसहून जास्त खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नाहीत. कोणी एनएफएल या व्यावसायिक लीगची तयारी धरली, कोणी विद्यापीठ बदललं, कोणी जखमी. डिसेंबरअखेरच्या निकालावरून डिसेंबरच्या सुरुवातीचा निर्णय योग्य कसा ठरतो?

कोलंबसताई

मी ओहायो स्टेटची, त्यामुळे या दोन्ही कॉन्फरन्सशी माझं देणंघेणं नाही. २०१४ आठवा. आमचा दुसरा क्वार्टरबॅकही मिशिगनविरुद्ध जायबंदी झाला आणि कार्डेल जोन्स हा तिसरा मुलगा उभा राहिला. विस्कॉन्सिनला ५९-० हरवून आम्ही पाचव्यावरून चौथे झालो. त्याच दिवशी टीसीयू या संघाने ५५-३ असा विजय मिळवला आणि ते तिसऱ्यावरून सहावे! पुढे त्याच कार्डेलने अलाबामाला हरवलं, मग ओरेगनला हरवून करंडक आणला. तिसऱ्या पसंतीचा मुलगा काय करेल याचा अंदाज खोलीत बसून कोणालाच बांधता येत नाही, हे समितीला नऊ वर्षं आधीच कळायला हवं होतं.

पण टॅलाहासीकर, मला यात कट दिसत नाही. खरी गोम ऑगस्टमध्ये आहे. एकही सामना व्हायच्या आधी एपीची पहिली क्रमवारी येते आणि एसईसीचे पाच-सहा संघ त्यात असतातच. मग ते आपसात खेळतात. जिंकला तर 'मानांकित संघाला हरवलं', हरला तर 'मानांकित संघाकडून हरला'. दोन्ही बाजूंनी फायदा त्याच कॉन्फरन्सचा. समिती म्हणते आम्ही एपीची यादी बघत नाही. पण ती माणसं दोन महिने तेच टीव्ही बघतात, तेच आकडे कोपऱ्यात झळकताना बघतात.

आकडेमोड

ताईंशी सहमत, एक भर घालतो. एसईसीची पत टीव्हीने दिलेली नाही. २००६ ते २०१२ सलग सात विजेते त्यांचे, ती मैदानावरची कमाई आहे. माझा आक्षेप जुन्या पुण्याईवर आजचे गुण देण्याला आहे. शिवाय बिग टेन ही दुसरी मोठी कॉन्फरन्स आपसात नऊ सामने खेळत असताना एसईसी आठच खेळत राहिली आणि नववी जागा दुबळ्या पाहुण्याला दिली. १८ नोव्हेंबर २०२३ लाच अलाबामा चॅटनूगाशी खेळत होतं, निकाल ६६-१०.

हंट्सव्हिलकर

आणि त्याच दिवशी फ्लोरिडा स्टेट कोणाशी खेळत होतं? नॉर्थ अलाबामाशी, म्हणजे त्याच खालच्या श्रेणीतल्या संघाशी. एसीसीचेही आपसातले सामने तेव्हा आठच होते. मोजपट्टी एकच लावा.

न्यूजर्सीचा सातारकर

२०२४ विसरलात सगळे. त्या वर्षीपासून बारा संघांच्या झालेल्या प्लेऑफमध्ये शेवटची खुली (कॉन्फरन्सच्या विजेत्यांसाठी राखीव नसलेली) जागा समितीने एसीसीच्या एसएमयू संघाला दिली, तीन पराभव असलेल्या अलाबामाला नाही. टीव्हीवर अलाबामासाठी कंठशोष चालला होता, तरी समिती बधली नाही. मग पक्षपात कुठला?

कोलंबसताई

पेन स्टेटने एसएमयूला ३८-१० हरवल्याबरोबर 'अलाबामाला घ्यायला हवं होतं' हा सूर किती जोरात लागला, तेही आठवा. त्याच अलाबामाला दहा दिवसांनी मिशिगनने १९-१३ असं हरवलं, तेव्हा त्याच स्टुडिओत शांतता होती. मी पक्षपात म्हणते तो हा. एकाचा पराभव कॉन्फरन्सची लायकी काढतो, दुसऱ्याचा पराभव नुसता पराभव राहतो.

टॅलाहासीकर

माझं मागणं साधं आहे. दर मंगळवारचा तो कार्यक्रम बंद करा आणि क्रमवारी एकदाच, सगळे सामने संपल्यावर लावा. दुसरं, एपीच्या प्रत्येक पत्रकाराची मतपत्रिका सगळ्यांना बघता येते, समितीच्या तेरा जणांचं मत मात्र गुप्त. फ्लोरिडा स्टेटला पाचवं कोणी ठेवलं, ते त्या खेळाडूंना नावानिशी कळायला हवं होतं.

हंट्सव्हिलकर

मंगळवारच्या कार्यक्रमाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. गुप्त मताबद्दल नाही. समितीतले बरेच जण विद्यापीठांचे क्रीडासंचालक असतात. मत उघड झालं की दुसऱ्या दिवशी त्यांच्याच देणगीदारांचे फोन सुरू होतील, आणि पुढच्या वर्षी तो माणूस आपल्या कॉन्फरन्सच्या विरोधात मत द्यायला धजणार नाही. कॉरिगन यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा.