मुलगा व्हेप ओढताना सापडला: फोन जप्त करायचा की बोलायचं?

अश्विनी, घोडबंदर रोड

आमच्या कॉम्प्लेक्सच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नाही. पोडियमवर जिमच्या मागे वॉचमनला वापरून फेकलेली व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, मिळाली, सीसीटीव्हीत तीन मुलं दिसली, तिघंही अकरावीची. एका घरात वडिलांनी पट्टा काढला, फोन कपाटात गेला आणि सुट्टीत साताऱ्याला मामाकडे रवानगी ठरली. दुसऱ्या घरात "सिगरेट तर नाही ना, नुसती वाफ आहे" म्हणून विषय मिटला. तिसरं घर आमचं.

ज्यांनी ही वस्तू पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलाच्या दप्तरात मिळालेलं व्हेप हायलाइटरएवढं, फिकट जांभळं, हाताला गुळगुळीत. बटण नाही, ओढलं की खालचा दिवा लागतो. तोंडाकडच्या टोकाला कलिंगड आणि पुदिन्याचा वास. बाजूला बारीक अक्षरात ५% लिहिलंय. ते निकोटिन, म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. साध्या निकोटिनचं एवढं प्रमाण घशाला झोंबलं असतं, म्हणून यात निकोटिन सॉल्ट घालतात. सिगरेटच्या पहिल्याच झुरक्याला ठसका लागून कितीतरी पोरं तिथेच थांबायची. तो ठसकाच यात काढून टाकलाय. शिवाय सिगरेट संपते तरी, हे दिवसभर खिशात.

माझं मत असं की पट्टावाल्या घराने आणि "नुसती वाफ"वाल्या घराने, दोघांनीही मुलगा किती अडकलाय हे विचारलंच नाही. शनिवारी मित्राचं दोनदा ओढणारा मुलगा आणि डोळे उघडताच उशीखाली हात घालणारा मुलगा यांना एकच शिक्षा कशी? पहिल्याला घराचा नियम कळला तरी पुरतं. दुसऱ्याला उपचार लागतात. आम्ही ठरवलं की वस्तू घरात राहणार नाही, यावर चर्चा नाही. फोन मात्र त्याच्याकडेच. मग विचारलं: उठल्यावर पहिला पफ कधी? नाही मिळालं तर काय होतं? अंघोळीला जाताना बरोबर नेतोस का? फोन जाणार नाही हे आधी कळलं होतं, म्हणूनच तो खरं बोलला असं मला वाटतं. उत्तर मधलंच निघालं. क्लासच्या ब्रेकमध्ये नेहमी, आणि हल्ली रात्री अभ्यास करतानाही.

विरोधात असाल तर जरूर लिहा. ग्रुपवर नुसते हात जोडलेले इमोजी येताहेत.

कोपरीकर काका

ताई, वाचलं, पटलं नाही. आमच्या काळी खिशात तंबाखूची पुडी सापडली तर कानाखाली बसायची आणि विषय तिथे संपायचा. तुम्ही इन्शुरन्सचा फॉर्म भरून घ्यावा तसे पोराला प्रश्न विचारताय. धाक नावाची काही चीज असते की नाही?

माराचं सोडा, ते तुम्हाला पटणार नाही. पण पैशाचं काय? ही वस्तू हजाराच्या आत मिळत नाही असं ऐकतो. अकरावीच्या पोराकडे ते आले कुठून? आणि ज्या फोनला हात लावायचा नाही म्हणता, तो फोनच दुकान आहे. इन्स्टावर बघायचं, टेलिग्रामवर मागवायचं, यूपीआयने पैसे टाकायचे, बाइकवाला गेटवर आणून देणार. दुकान चालू ठेवायचं आणि गिऱ्हाइकाशी प्रेमाने बोलायचं, हा कुठला न्याय?

मोगरा, वाशी

काकांचा दुकानाचा मुद्दा बरोबर आहे. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते. मुलं टॉयलेटमध्ये ओढतात आणि आम्ही पोचेपर्यंत बॉडी स्प्रेसारखा वास उरतो, तोही मिनिटभर. दप्तरं तपासली तर व्हेप मोज्यात जातं.

पण काका, फोन काढून घेतल्यावर पुढे काय होतं तेही बघते. पोरगा मित्राच्या फोनवरून मागवतो, आणि ज्याने मागवून दिलं त्याच्या उपकाराखाली राहतो. तो मित्र बहुधा वर्गातला सगळ्यात वाया गेलेला असतो.

अश्विनीताई, तुमच्याशीही माझं एका बाबतीत पटत नाही. तुम्ही कॉलेजला कळवलं का, ते लिहिलेलं नाही. पालक लपवतात, कारण दाखला हातात देतील अशी भीती. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण वर्गशिक्षकांशी तोंडी तरी बोला. ज्या वर्गात एकाकडे सापडलं, तिथे चौघांकडे असतं.

अश्विनी, घोडबंदर रोड

नाही कळवलं, आणि तूर्त कळवणारही नाही. आमच्या कॉलेजात गेल्या वर्षी एका मुलाचं नाव असंच "तोंडी" सांगितलं गेलं आणि दोन दिवसांत ते साऱ्या बॅचला माहीत. तुमच्यासारखी बाई प्रत्येक स्टाफरूममध्ये नसते हो.

ऐरोलीचा आयटीवाला

सगळे एवढे घाबरलेत, म्हणून विरोधी बाजू मांडतो. २०१५ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनेच सांगितलं की व्हेप सिगरेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक. यात जळणं नाही, टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. पोराने गोल्डफ्लेक ओढण्यापेक्षा हे बरं. आपल्याकडे सिगरेट कोपऱ्याकोपऱ्यावर विकत मिळते आणि बंदी व्हेपवर! सोळाव्या वर्षी पोरं काहीतरी करणारच. घरात तमाशा केला नाही तर बहुतेक जण आपोआप सोडतील.

छातीचा डॉक्टर, नेरूळ

तो आकडा मोठ्या माणसांसाठी होता, जे आधीच सिगरेट ओढतात आणि सोडून व्हेपवर जातात. त्यावरही तेव्हा बरीच टीका झाली होती. अश्विनीताईंचा मुलगा सिगरेटवरून इकडे आलेला नाही, तो शून्यावरून आलाय. त्याची तुलना स्वच्छ हवेशी करायची. त्याच इंग्लंडात अठराच्या आतल्यांना व्हेप विकायला बंदी आहे, आणि १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपची विक्री सगळ्यांसाठीच बंद केली. आपोआप सोडतील म्हणता, पण मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते. त्या आधी लागलेली निकोटिनची सवय जास्त चिवट असते.

दुसऱ्या टोकाच्या पालकांनाही एक सांगतो. २०१९ साली अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०० वर लोक दवाखान्यात गेले, ६८ दगावले. त्या बातमीचा फॉरवर्ड दाखवून "दोन महिन्यांत मरशील" म्हणू नका. त्या प्रकरणात मुख्य कारण निघालं गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. तुमचा मुलगा हे पाच मिनिटांत शोधून काढेल आणि नंतर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाही. खरं सांगूनही पुरेशी काळजी वाटेल असा मुद्दा वेगळाच आहे. आपल्याकडे बंदी असल्याने जे मिळतं ते सगळंच काळ्या बाजारातलं. आत काय भरलंय हे कोणीच तपासलेलं नाही, लेबलवरच्या ५ टक्क्यांसकट.

नौपाड्याचा वकील

"पोलिसात देईन" ही धमकी ऐकली की हसू येतं. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. नुसतं ओढणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. हे पोरांना आपल्याआधी माहीत असतं.

पोरांना माहीत नसतं ते दुसरंच. ग्रुपमधला एक जण सगळ्यांसाठी मागवतो आणि प्रत्येकाकडून पैसे घेतो. त्याच्या लेखी ती मैत्री, कायद्याच्या लेखी ती विक्री. अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, पण जाईल. मुलाला विचारायचं असेल तर "तू दुसऱ्यांसाठी आणतोस का" हे आधी विचारा.

उपवनचा वॉकर

मी स्वतः ओढतो. पंचवीस वर्षं. मुलगी दहावीत आहे, तिच्याकडे अजून काही सापडलं नाही. पण सापडलं तर मी कोणत्या तोंडाने बोलू, हे कोणी सांगेल का?

आणि बंदीचं कौतुक मला सांगू नका. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. माझ्या थोरल्या भावाची अर्धी जीभ त्यानंतरच्या गुटख्याने गेली. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक कॅन्सर केंद्रात उपचार झाले, आणि त्याची पुडी शेवटपर्यंत बिनबोभाट मिळत होती. त्यामुळे सरकार विकणाऱ्यांना पकडेल आणि आपण निवांत बसू, असं होणार नाही.

मोगरा, वाशी

त्याच तोंडाने बोला. "मला सुटत नाही" हे बापाने सांगितलं की मुलं ऐकतात, आम्ही वर्गात पोस्टर लावतो ते नाही ऐकत. १८००-११२-३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. मुलीकडे काही सापडायची वाट कशाला बघता, आजच फोन करा.

कोपरीकर काका

म्हणजे बाप ओढतो म्हणून मुलीला सूट? माझे वडील दिवसाला बिडीचं बंडल संपवायचे, तरी आम्हाला हात लावू दिला नाही. वडिलांचा शब्द वडिलांचा असतो, त्यांनी स्वतः काय केलं हा प्रश्न मुलांनी विचारायचा नसतो.

पांडवकडा

काका, विचारायचा नसतो, पण मनात येतो की. मी एकोणीसचा. बारावीत असताना ओढत होतो, आता नाही. धागा वाचताना मजा येतेय, कारण इथे सगळे "सापडलं" या एका क्षणावरच भांडताहेत.

माझं सापडलं तेव्हा घरच्यांनी व्हेप घेतलं आणि रोज खोली तपासायला लागले. मी निकोटिनच्या पाउचवर गेलो. ओठाखाली ठेवायचं. वाफ नाही, दिवा नाही. जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बसून वापरलंय मी. आईने लघवीची टेस्ट करायची धमकी दिली. ती दोन-तीन दिवसांचंच सांगते हे मी आधीच वाचलं होतं. तपासणीचा खेळ सुरू झाला की मुलगा जिंकतो, त्याच्याकडे वेळ जास्त असतो.

सोडलं कशामुळे, तर फुटबॉल. पाम बीचजवळच्या टर्फवर दहा मिनिटांत धाप लागायला लागली आणि टीमने बाहेर बसवलं. घरच्यांच्या एकाही वाक्याचा त्यात वाटा नाही. वाईट वाटून घेऊ नका.

अजून एक. प्रिलिमच्या आठवड्यात सोडायला लावू नका. तेव्हा डोकंच चालत नाही.

छातीचा डॉक्टर, नेरूळ

परीक्षेचा मुद्दा बरोबर. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट: चिडचिड, लक्ष न लागणं, झोप उडणं, भूक वाढणं. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. म्हणून दिवस ठरवून सोडावं, आणि तो दिवस मुलाने ठरवावा. तलफ एका वेळी काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरतं खाली चक्कर मारणं, पाणी पिणं, कोणाशी तरी बोलणं चालतं.

निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं म्हणून स्वतःच्या मनाने मुलाला देऊ नका, अठराच्या आत डॉक्टरला विचारूनच. दमा असेल, किंवा व्हेप सुरू होण्याआधीपासूनच मुलगा उदास, एकलकोंडा असेल, तर ती वेगळी गोष्ट. उदासपणासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ ला, फोन करता येतो. कित्येक मुलं घाबरेपणावर औषध म्हणून ओढतात आणि त्यातून घाबरेपणा वाढतो.

जप्त केलेलं व्हेप रागाने हातोडीने फोडू नका, आत लिथियमची बॅटरी असते. सुक्या कचऱ्यातही नको, ई-कचऱ्यात द्या.

कोपरीकर काका

डॉक्टरसाहेब, सरळ प्रश्न. चार आठवडे पोरगा आईवर खेकसणार आणि घराने ते तलफ म्हणून सोसायचं. तलफ कुठली आणि उद्धटपणा कुठला, कळणार कसं?

छातीचा डॉक्टर, नेरूळ

कळत नाही. कळायची गरजही नाही. दार आपटलं तर सोडून द्या. शिवी दिली किंवा हात उगारला तर नेहमीचा नियम लागू, तलफ असो वा नसो.

ऐरोलीचा आयटीवाला

डिस्पोजेबलबद्दल डॉक्टरांचं मान्य. पण बंदीने माल काळ्या बाजारात गेला हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे माझा मुद्दा तसाच उरतो. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

अश्विनी, घोडबंदर रोड

पांडवकडा, टर्फचं लिहिलंस ते बरं केलंस. आमच्याकडे फुटबॉल नाही, पण पोहणं होतं, ते दहावीच्या क्लासमुळे आम्हीच बंद केलं. येत्या महिन्यापासून परत सुरू करतोय.

वकीलसाहेबांचा प्रश्न काल रात्री विचारला. तो दुसऱ्यांसाठी आणत नाही, दुसरा त्याच्यासाठी आणतो. नाव सांगणार नाही म्हणाला. मीही ताणलं नाही.

काका, पैशाचं तुमचं बरोबर निघालं. त्याच्यासमोर बसून यूपीआयचा हिशेब काढला. "वडापाव", "झेरॉक्स" असं लिहून एकाच मित्राला दर थोड्या दिवसांनी पैसे गेलेत, आणि एवढे वडापाव कोणी खात नाही. आता त्याच्या फोनवरून यूपीआय काढलंय, महिन्याचे पैसे रोख मिळतील. टेलिग्राम त्याने स्वतः उडवलं, माझ्यासमोर. बाकी फोन त्याचाच.

कोपरीकर काका

म्हणजे अर्धा फोन जप्तच केलात की! मी पहिल्याच प्रतिसादात दुसरं काय म्हणत होतो? आणि ते रोखीचं काही खरं नाही, टपरीवर रोखही चालते. शंभर-शंभर करून द्या, एकदम नको.