वेळास ते रेडी, सड्यावरच्या वाटांनी, एकटीने: जाणकारांनी सांगावं

वाशिष्ठीकाठची, चिपळूण
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मोटारसायकल घेऊन एकटी निघणार आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या वेळासहून सुरुवात, शेवट सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाच्या रेडीला. मुंबई-गोवा महामार्ग नकोच. राजापूर तालुक्यात तर डांबरी रस्ताही सोडून सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, कच्च्या वाटांनी जायचंय. कशेळी, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, निवांत बघायची आहेत. पंक्चर काढता येतं, चढ-उताराची सवय आहे. घरचे म्हणतात कोणालातरी बरोबर घे, पण मला हवं तिथे हवं तेवढं थांबायचंय. मोबाईलच्या नकाशात दिसणाऱ्या वाटांवर भरवसा ठेवू का?

सड्यावरचा, राजापूर
ताई, जरूर या, आणि एकट्याच या. नकाशावर मात्र विसंबू नका. आमच्याकडे सड्यावर दिसणाऱ्या कितीतरी वाटा चिरेखाणीच्या (बांधकामाचा जांभा दगड काढतात त्या खाणीच्या) ट्रकांनी पाडलेल्या आहेत. रुंद, सरळ वाट बघून माणूस आत शिरतो आणि ती खाणीच्या तोंडाशी संपते. जुन्या खाणींना कठडा नसतो. चिरा तासून काढलेला, त्यामुळे कडा भिंतीसारखी उभी आणि खाली पावसाचं पाणी. दिवाळीच्या सुमाराला गवत उंच असतं, अगदी जवळ जाईपर्यंत खाण कळत नाही. म्हणून चाकोरी सोडून गवतात गाडी घालायची नाही आणि दिवस मावळायच्या आत सडा उतरायचा. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, लागले की वाडी जवळ आली समजा. वाट पाखाडीला, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पायवाटेला, लागली तर मागे फिरा. आणि पाणी भरपूर घ्या. वर सावली नाही, विहिरी सगळ्या खाली वाडीत.

आता कातळशिल्पातला हत्ती. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, एका जागी उभं राहून पुरता दिसत नाही. कडेकडेने चालत फिरा, पोटात कोरलेले प्राणी आणि मासे हळूहळू सापडत जातात. सकाळच्या किंवा कलत्या उन्हात या, रेषा तेव्हाच उठून दिसतात. २०२२ मध्ये ही तिन्ही ठिकाणं, शिवाय बारसू वगैरे, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण राखायची तर आपणच. गाडी लांब लावा, चपला काढा. फोटोसाठी रेषांत खडू भरणारे लोक बघितले की जीव तुटतो माझा. हजारो वर्षं ऊनपाऊस सोसून उरलेलं काम आहे ते.

हर्णैकर
वेळासहून खाली येताना दोन फेरीबोटी लागतील. वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ-जयगड. शेवटची फेरी कधी, हे आदल्या मुक्कामीच विचारा. दाभोळला चुकलात तर चिपळूणवरून वळसा, म्हणजे परत तुमच्या घराशीच. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरा, पुढचा ब्रेक दाबू नका.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी न घातलेलीच बरी. पण भरतीचा हिशेब माहीत असू दे. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता भरती पुरी होते. थोडं मागेपुढे धरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ वर येतं.

मालवणची सून
मी स्कूटरवर एकटी हिंडते, म्हणून मुक्कामाचं सांगते. पावसला भक्तनिवास आहे. इतरत्र घरगुती खानावळ बघा, जिथे घरातली बाई स्वतः वाढते. सडा चढायच्या आधी खालच्या दुकानात चहा प्या आणि कुठे जाताय, कुठून उतरणार, ते मोठ्याने सांगा. संध्याकाळपर्यंत उतरला नाहीत तर शोधायला कोणाला तरी माहीत हवं. आणि मालवण तालुक्यात कुडोपीची शिल्पं चुकवू नका, तीही त्याच यादीत आहेत.

वाशिष्ठीकाठची, चिपळूण
सगळ्यांचे मनापासून आभार. कुडोपी वाटेत घेते. सड्यावरचे दादा, देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळापर्यंत गाडी जाते ना? तिथून पुढे चालत जाईन.

सड्यावरचा, राजापूर
जाते. देवळात कोणी असेल तर विचारा, शिल्प तिथून जवळच आहे.