कॅरट: वजन की वाटा?

'दोन कॅरटचा हिरा' आणि 'बावीस कॅरटचं सोनं', यांतला कॅरट एकच का? शब्द एकच, अर्थ मात्र दोन. हिऱ्याचा कॅरट म्हणजे सरळ वजन, २०० मिलिग्रॅम. १९०७ साली हा मेट्रिक कॅरट ठरला. त्याआधी तो ठिकठिकाणी थोडाफार वेगळा भरायचा. सोन्याचा कॅरट वजन नाही आणि टक्काही नाही. तो चोविसातला वाटा आहे. दहा ग्रॅमची अंगठी अठरा कॅरटची असेल, तर तिच्यात सोनं साडेसात ग्रॅम, बाकी तांबं, चांदी वगैरे. बावीसला चोविसाने भागा, ०.९१६ येतं, दागिन्यावरचा ९१६ हा आकडा तोच.

मूळ ग्रीक 'केरास', म्हणजे शिंग. त्यावरून 'केरातिऑन', छोटंसं शिंग. कॅरोबच्या झाडाची शेंग तशीच वाकडी दिसते, आणि तिची बी वजनाला वापरत. आपल्या गुंजेची चुलतबहीणच म्हणा ना. पुढे अरबीत 'कीरात', इटालियनमध्ये 'करातो', आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत कॅरट. या बिया सगळ्या अगदी एकाच वजनाच्या असतात, असं हमखास सांगितलं जातं. ते खरं नाही. तोलून पाहिल्या तर इतर झाडांच्या बियांइतकाच फरक निघतो.

मग चोवीसच का? चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईनने सॉलिडस हे सोन्याचं नाणं आणलं. त्याच्या चोविसाव्या भागाला लॅटिनमध्ये 'सिलिक्वा' म्हणत, आणि ग्रीकमध्ये 'केरातिऑन'. सिलिक्वा म्हणजे शेंग! झाडाचं शास्त्रीय नाव 'सेराटोनिया सिलिक्वा', त्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेत. बीचं वजन मागे पडलं, चोविसावा हिस्सा तेवढा राहिला. इजिप्तमध्ये तर जमीनही कीरातात मोजतात: फेद्दान हे तिथलं जमिनीचं माप, त्याचे चोवीस कीरात.

अमेरिकेत सोन्याचा कॅरट 'के'ने लिहितात आणि हिऱ्याचा 'सी'ने. सोय चांगली आहे. (गाजराचा यात काही संबंध नाही, तो शब्द वेगळा.)

मराठीत सोन्याच्या कॅरटऐवजी 'कस' चालेल का? मला पटत नाही. कस कसोटीच्या दगडावर घासून पाहायचा, कॅरट हा मोजलेला वाटा. शिवाय 'बावीस कसाचं सोनं' म्हटलं की शेजारी लगेच 'बावनकशी' उभं राहतं, आणि बावनातले बावीस म्हणजे निम्मंही सोनं नाही. त्यापेक्षा कॅरटच बरा.