गोल्डफिशला टाकी केवढी आणि पाणी किती डिग्रीला? (कोल्हापूर, वरचा मजला)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बहिणीची बदली झाली आणि जाताना तिने तिचे दोन ओरांडा (गोल्डफिशचीच एक जात) आमच्या पदरात टाकले. एक पांढरा, तांबड्या टोपीचा. दुसरा सगळा केशरी. शेपटी सोडून अडीच-तीन इंच असतील. सोबत दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी, छोटा स्पंज फिल्टर आणि हीटर. आम्ही राजारामपुरीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मार्च संपत आलाय आणि हीटर बंद ठेवूनही दुपारी चारला पाणी 30 दाखवतंय.

दुकानात विचारलं तर म्हणाले, टाकी भरपूर आहे, अजून दोन मासे आरामात बसतील. आणि हीटर 28 वर ठेवा, नाहीतर अंगावर पांढरे ठिपके येतील. इकडे मासे दुपारभर वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. सासूबाई म्हणतात भुकेलेत, दाणे टाक. मला ते भुकेचं लक्षण वाटत नाही.

टाकी बदलायची तयारी आहे, पण एकदाच. केवढी घेऊ? पाणी किती डिग्रीला असावं, आणि एप्रिल-मेमध्ये ते तिथवर आणायचं कसं? चिलरची किंमत ऐकून फोन ठेवला.

निळी_बादली:
तुमचा अंदाज बरोबर आहे, ती भूक नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 डिग्रीला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसात. आणि नेमकं त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. म्हणून ते वरच्या थरातलं पाणी ओढतात. अशात दाणे टाकले तर घाण वाढते, अमोनिया वाढतो, आणि गरम पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी. सासूबाईंना दुपारचं टाळून सकाळी गार वेळेला दोन चिमट्या टाकू द्या, त्यांचंही मन राहील.

गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला मासा, कार्पचा भाऊबंद. ओरांडासारख्या गोल अंगाच्या जातींना 20 ते 23 डिग्री उत्तम. 26 पर्यंत कुरकुर न करता राहतात, त्यापुढे एअर पंपाची हवा जोरात हवी. दुकानदाराचं 28 हे एंजल, डिस्कस वगैरे माशांसाठी ठीक. पांढऱ्या ठिपक्यांचंही अर्धंच खरं आहे: तो एक परजीवी आहे, बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर घरात येतो, आणि तापमान खालीवर होऊन मासा खचला की पसरतो. उपचारात पाणी गरम करतात, कारण त्याचं चक्र लवकर संपून औषध लागू पडतं. म्हणून बारा महिने हीटर लावायचं कारण नाही. कोल्हापुरात थंडीत रात्री पारा 14-15 ला आला तरी घरातलं पाणी या माशाला सोसतं. पिन काढून हीटर माळ्यावर टाका.

टाकीचं गणित फुटात करा. एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. तुमची आत्ताची दीड घनफूट, म्हणजे काठोकाठ भरूनही 42 लिटर. पहिल्या ओरांडाला 75 आणि पुढच्या प्रत्येकाला निदान 40 लिटर धरतात. हा हिशोब दोघांना 115 वर जातो. एकदाच घ्यायची असेल तर 3 बाय दीड बाय दीड फूट घ्या: 190 लिटर. पाणी जास्त असलं की दुपारी ते सावकाश तापतं, आणि अमोनियाही पातळ होतो. उंच, अरुंद शोभेची टाकी नको. हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा हवा.

गंगावेस_गडी:
ताई, टाकी बनवून घेताय तर काच 8 एमएमची तरी घ्या, 10 असली तर निवांत झोप. आणि स्टँड लोखंडी अँगलचंच. 190 लिटर म्हणजे नुसतं पाणीच 190 किलो, वर काच आन् दगडगोटे. प्लायवूडच्या कपाटावर ठेवाल तर खेळ खल्लास. पश्चिमेच्या भिंतीला अजिबात नको, ती भिंत रात्री नऊपर्यंत भट्टीगत असते.

शेव_भडंग:
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे काचेच्या भांड्यात गोल्डफिश दोन वर्षं जगला की.

निळी_बादली:
दोन वर्षं म्हणजे त्याचं बालपण. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये गेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन. भांड्यात फिल्टर नसतो, पृष्ठभाग टीचभर. मासा वाढत नाही आणि लोक म्हणतात "जात लहान आहे". आणि कंटाळा आला म्हणून कुणी रंकाळ्यात सोडू नका. तळ उकरून पाणी गढूळ करतात, वनस्पती उपटतात.

मूळ प्रश्न विचारणारी:
खूप आभार. हीटर काढला. एअर पंप वाढवल्यावर दुपारचं वर येणं बरंच कमी झालं. एक विचारायचं होतं: बाटलीत बर्फ करून सोडला तर? आणि बोअरचं पाणी चालेल का?

निळी_बादली:
बर्फाच्या बाटलीने तापमान झटकन उतरतं आणि पुन्हा चढतं. तो हेलकावाच माशाला बाधतो. त्यापेक्षा टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि टेबल फॅनचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री सहज उतरतं. कोरड्या एप्रिलमध्ये हे झकास चालतं, वळीव पडून हवा दमट झाली की असर कमी होतो, पण तेव्हा रात्री तशाही गार होतात. पाणी आटेल, ते रोज भरत जा.

बोअरचं जड पाणी गोल्डफिशला मानवतं, पण उपसल्या उपसल्या त्यात प्राणवायू कमी असतो. बादलीत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाकून रात्रभर ठेवा. नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन टाका. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, आणि नव्या पाण्यात थर्मामीटर बुडवून टाकीच्या पाण्याशी जुळतंय का ते बघूनच ओता.

जुना स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून नव्या टाकीत तसाच लावा. अमोनिया खाणारे जीवाणू त्यातच आहेत. नव्या फिल्टरमध्ये ते बसायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर जुना काढू नका.