विरळ हवा आणि सवयीची नजर

उंचावरच्या धावपट्ट्यांबद्दलच्या चर्चेत असा मुद्दा येतो, की वेगदर्शकावर नेहमीचा आकडा दिसत असूनही विमान चढले नाही, तर दोष इंजिनाचाच असणार. मला हे पटत नाही. उंचावरच्या किंवा तापलेल्या विरळ हवेत काटा तोच आकडा दाखवतो, पण जमिनीवरचा प्रत्यक्ष वेग जास्त असतो, धाव लांबते आणि टर्बो (हवा दाबून भरणारी यंत्रणा) नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे 3 टक्क्यांनी घटते.

11 एप्रिल 1996 रोजी अमेरिकेतील शायेन येथे सेस्ना 177बी हे छोटे विमान कोसळले आणि सात वर्षांच्या मुलीसह तिघे दगावले. धावपट्टी 6,000 फुटांहून उंचावर, विमान मर्यादेपेक्षा जड आणि समोर वादळ. चौकशीत मुख्य दोष बिघडत्या हवामानात उड्डाण करण्याच्या निर्णयाला दिला गेला. मात्र जादा वजन आणि वैमानिकाला सवय नसलेली डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्या दिवशी ऊन नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याच धावपट्टीवर 30 अंश तापमान असेल, तर ढोबळ हिशेबाने विमानाला ती सुमारे 9,400 फुटांवर असल्यासारखी वाटेल.

अशा ठिकाणी मिक्श्चरची (इंधन आणि हवेचे प्रमाण ठरवणारी) लाल मूठ पूर्ण आत ढकलून निघाल्यास इंधन जास्त आणि हवा कमी पडून इंजिन गुदमरते. चाके जमिनीवरून उचलली गेल्यावर जमिनीलगतच्या हवेचा आधार काही क्षण विमानाला तोलून धरतो. तेवढ्यावर विसंबून नाक वर ओढले, की पंखांची उचल तुटते.